नायकाला बांधायचा दोर

कळसच्या जत्रेतल्या नाटकात दरसाल खलनायक आमच्या शेजारचे एक शेतकरीच व्हायचे. एरवी ते इंदापूरच्या बाजारात वांगी विकायचे आणि तराजू हातात तसाच धरून, नायकात जोर जास्त की दुष्टात, यावर गिऱ्हाइकाशी वाद घालायचे.

त्या साली नायक मी होतो. तिसऱ्या अंकात मला सुतळीनं बांधायचं ठरलं, तेव्हा ते तालमीत अडून बसले.

"पैल्या अंकात यानं लोखंडी दार मोडलं. मंग आता सुतळी तुटंना व्हय? असल्या गड्याला धरून माझी काय शान?"

प्रयोगाच्या दिवशी त्यांनी विहिरीवरची मोट थांबवली आणि तिचा जाडजूड नाडा, बैलांनी ओढायचा तो दोर, खांद्यावर घेऊन आले. मला खांबाला असं करकचून बांधलं, की हसायला टपलेले प्रेक्षक पुढं सरकून बघू लागले.

मी मोडलेलं दार पुठ्ठ्याचं होतं. त्या नाड्याच्या वेढ्यात मला पहिल्यांदाच ते लोखंडाचं वाटलं.