भाकरीचे इंजिनिअर

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत माझं कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं दुकान. पूर्वी दुकानात किस्से घडायचे ते गिऱ्हाइकांचे, तेही कधीमधी. पण मागणी वाढली, थापणाऱ्या बायकांच्या मनगटांना ती झेपेना, म्हणून मागच्या शेडमध्ये भाकरीचं मशीन स्वतःच तयार करायचं ठरवलं. त्यासाठी मेकॅनिकल इंजिनिअर ठेवले आणि तेव्हापासून पीठ संपतं, किस्से संपत नाहीत!

माझं शिक्षण दहावी, तेही गल्ला सांभाळत. धाकधूक एकाच गोष्टीची. सोलापूरचा इंजिनिअर इथं तयार होतो आणि पुण्यात नांदतो. मशीन अर्धवट टाकून माझी माणसं गेली, तर शेडमध्ये नुसतं भंगार उरणार.

* * *

मुलाखत घ्यायची, पण विचारायचं काय? थर्मोडायनॅमिक्स मला म्हणता येतं, कळत नाही. म्हणून प्रत्येकाच्या हातात एक कडक भाकरी द्यायचो आणि विचारायचो, ही बेंगळुरूला कशी पोचवाल?

एकानं थर्माकोल सांगितला. एक म्हणाला, भाकरीच जाड करा. त्याला चहा पाजून वाटेला लावला. मग इम्रान आला. त्यानं भाकरी उलटसुलट पाहिली, कडकन मोडली आणि चटणीला लावून खात खात म्हणाला, "मालक, तोडकेच भेजो ना. खाते वक्त तोडनाच है."

तिथंच कामावर घेतला. अर्ध्या भाकरीचं पाकीट आज आमचा सगळ्यात जास्त खपणारा माल आहे.

* * *

रेणुका मैंदर्गीची. तिचं ड्रॉइंग इतकं स्वच्छ की मलासुद्धा कळतं. ती कामाला लागली आणि आठवड्याच्या आत तिचे वडील दुकानात हजर. लोक मुलगी बघायला येतात, हे मालक बघायला आले होते. शेड पाहिली, पिठाची पोती पाहिली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग लेकीकडं वळले.

"एवढं इंजिनिअरिंग शिकलीस ते भाकरी थापायला व्हय गं?"

रेणुका हातातला पाना खाली न ठेवता म्हणाली, "थापायला न्हाय अप्पा. कुणालाच थापायला लागू नये म्हणून."

जाताना अप्पांनी भलं मोठं चटणीचं पाकीट घेतलं. पोरगी काय करते ते पाहुण्यांना दाखवायला लागतंय की, म्हणाले.

* * *

पहिल्या ट्रायलला मशीनला हार घातला, नारळ फोडला, बटण दाबलं. पहिली भाकरी भट्टीतून निघाली आणि बेल्टवरून अशी सुटली की खिडकीतून थेट शेजारच्या शिंपीकाकांच्या दुकानात!

थोड्या वेळानं काका भाकरी घेऊन आले. आता भांडण होणार म्हणून आम्ही तिघं हात जोडूनच उभे. काकांनी शांतपणे तिचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

"वेग चांगला हाय," म्हणाले. "एक बाजू कच्ची राहिली."

वेग इम्राननं आवरला. कच्ची बाजू काही आवरेना. भट्टी एकीकडून करपवायची, दुसरीकडून तशीच ठेवायची. सगळं जमत होतं, पण भट्टीतलं कळणारं आमच्यात कुणी नव्हतं.

* * *

मशीनची भाकरी परकारानं काढल्यासारखी गोल. टीम खूश, मी खूश. एका जुन्या गिऱ्हाईक आक्कांनी ती हातात घेतली, वाजवली आणि परत ठेवली.

"मालक, पुठ्ठा कधीपासून विकायला लागलात?"

भाकरीवर कुठंतरी हात दिसायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी शेडमध्ये जाऊन सांगितलं, भाकरी वाकडी करा. इम्रान हसत हसत खालीच बसला. रेणुका भडकली.

"मालक, चार वर्सं गोल कसं करायचं तेच शिकले की मी!"

पण खपून तिनं असा साचा बसवला, की एक भाकरी दुसरीसारखी निघेना. वर मलाच दम, वाकडी म्हणजे किती वाकडी ते ठरवून द्या. आता इम्रान बेल्टपाशी उभा राहून चुकून गोल निघालेल्या भाकऱ्या बाजूला काढतो. परवा एका व्यापाऱ्यानं नेमकी त्या ढिगातली उचलली, हाच माल द्या म्हणाला. इम्रानचा चेहरा पडला.

"नको साहेब, वो खराब है. गोल हो गयी."

* * *

आणि मग ज्याची भीती होती तेच झालं. रेणुकाला पुण्याहून मुलाखतीचं बोलावणं आलं. कंपनी मोठी, भट्ट्याच बनवणारी. तिनं काही लपवलं नाही, सरळ रजा मागितली. इम्राननं त्या दिवशी गोल भाकऱ्यासुद्धा बाजूला काढल्या नाहीत.

जाऊ नको म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण जन्म दुकानात गेला. गिऱ्हाईक उठून चाललं की त्याचा हात धरायचा नसतो, हातात नमुना द्यायचा. मी डबा भरला. वाकड्या भाकऱ्या, त्याही निवडून एका बाजूनं कच्च्या, आणि चटणी.

"तिथं बसल्या बसल्या भूक लागली तर उघड," एवढंच म्हणालो.

मग फोन नाही, मेसेज नाही. सोमवारी सकाळी शटर वर करतोय, तर रेणुका समोर उभी. शेजारी चाळिशीतले, शर्ट खोचलेले एक गृहस्थ. त्यांच्या हातात माझा डबा.

"काय झालं मुलाखतीचं?" मी विचारलं.

"हे कदमसाहेब. माझी मुलाखत घ्यायला हेच बसले होते. मूळचे बार्शीचे. पुढच्या महिन्यापासून आपली भट्टी बघतील."

कदमसाहेबांनी डबा पुढं केला.

"चटणी संपली," म्हणाले.