धाकट्याने दार सोडलं तो रविवार

आमच्या धाकट्यासारखा नळवाला या भागात झाला नाही, पुढे होईल असंही दिसत नाही. त्याने बसवलेला नळ ठिबकला असं म्हणणारा माणूस अजून समोर यायचाय. पण नळांचं राहू द्या. रविवारी सकाळी चर्चच्या दारात तो जसा उभा राहतो, तसं उभं राहणं चांगल्या शिकल्यासवरल्यांना जमायचं नाही. याची शाळा सातवीपर्यंत.

धुतलेला शर्ट, नखांतला काळेपणा ब्रशने घासून काढलेला, उपासनेच्या अर्धा तास आधी स्वारी हजर. नवा माणूस पायरीवर घुटमळला की याला लगेच कळतं. पुढे होऊन हळू आवाजात सांगतो, "या. मागच्या बाकावर बसा, तिथून सगळे दिसतात. ते उठले की उठा, बसले की बसा. गाणी या पुस्तकात आहेत, येत नसली तर नुसती ऐका. दानाची पिशवी फिरेल, पाहुण्यांनी काही टाकायचं नसतं. भाकर आणि प्याला बाप्तिस्मा झालेल्यांसाठी. ताट आलं की शेजाऱ्याकडे द्या, कोणी बघत नाही. दीड तासात मोकळे." एवढं ऐकलं की माणसाचे खांदे सैल होतात. हे उपासना चालवणाऱ्या पाळकांनाही जमत नाही, ते स्वतःच सांगतात.

एका गोष्टीपुढे मात्र त्याचा इलाज नव्हता. पहिलं गीत झालं की पाळक विचारायचे, "आज नवीन कोण आलंय?" नव्या माणसाने उभं राहायचं, नाव सांगायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. जुनी रीत. नावांची चिठ्ठी धाकट्यानेच आधी पाळकांकडे पोचवायची.

त्या रविवारी पायरीवर उस्ताद उभे होते.

उस्ताद म्हणजे ज्यांनी धाकट्याला पाइपला आटे पाडायला शिकवलं ते. सोळाव्या वर्षापासून हा त्यांच्या दुकानात. जेवण त्यांच्याच घरी, कारण काकू, म्हणजे उस्तादांची बायको, याला उपाशी जाऊच द्यायच्या नाहीत. बारा वर्षांपूर्वी एकदा काकूंनी विचारलं, "रविवारी नटूनथटून कुठे जातोस रे?" हा त्यांना घेऊन गेला. काकू तिथल्याच झाल्या. उस्तादांनी याची हत्यारांची पिशवी दुकानाबाहेर ठेवली आणि म्हणाले, "घर फोडलंस माझं." तेव्हापासून बोलणं बंद. काकू एकट्याच येत राहिल्या. वर्षभराने धाकट्याने दाराचं काम मागून घेतलं. कधीतरी उस्ताद आलेच, तर दारात ओळखीचं माणूस असावं, म्हणून. हे त्याने घरात एकालाच सांगितलं होतं.

दीड महिन्यापूर्वी काकू गेल्या. दफनाच्या वेळीसुद्धा उस्ताद फाटकाबाहेरच थांबले होते.

"आलो म्हणजे तुमच्यात आलो असं समजू नकोस," उस्ताद म्हणाले.

"नाही समजत."

"ती कुठे बसायची ते बघायचंय. मला उभंबिभं केलंत तर चालता होईन. परत तोंड दाखवणार नाही."

"चला आत."

दोन पावलं गेल्यावर म्हणाले, "टक्कल पडलं तुला."

"तुम्ही टपल्या मारायचात, तिथूनच सुरुवात झाली."

उस्ताद हसले नाहीत. पण पुढे चालले.

काकूंची जागा तिसऱ्या बाकावर, खिडकीच्या कडेला. त्या गेल्यापासून तिथे कोणी बसलं नव्हतं. धाकट्याने त्यांना तिथे बसवलं आणि दाराकडे वळला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आपण काय करून ठेवलंय. पुढचे दोन्ही बाक रिकामे. ते नेहमीच रिकामे असतात. देवाला भिणारी माणसं मागे गर्दी करतात. आता उस्तादांनी बघायचं कोणाकडे? सगळे उठल्यावर हे एकटेच बसून राहिले, की झालीच शोभा. मग उठून जे जातील, ते कायमचे.

अकरा वर्षांत दार न सोडलेला माणूस. त्याने कोरी चिठ्ठी पाळकांच्या हातात दिली आणि येऊन उस्तादांच्या पुढच्या बाकावर बसला. दार तसंच उघडं.

पहिलं गीत झालं. पाळकांनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली, मग तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. "आज कोणी नवीन?"

सगळ्यांच्या माना तिकडे. मागे बाक करकरला. धाकटा ताडकन उभा राहिला.

"मी आहे. दारात उभा असतो, बाकावर आज पहिल्यांदा बसलोय."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. पाळक कच्चे नव्हते. त्यांनी चिठ्ठी खिशात घातली आणि दुसरं गीत काढलं.

त्यानंतर धाकटा बेसूर गात, उठताना थोडा आधी उठत, बसताना बाकाला हात टेकवत राहिला, म्हणजे मागच्याला अंदाज यावा. मागे वळून एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उस्तादांना वाटलं असतं, पहारा आहे. ताट फिरलं, ते त्यांनी शेजाऱ्याकडे दिल्याचा आवाज आला.

मग पाळक म्हणाले, "आपल्यातून गेलेल्यांसाठी आपण देवाचे आभार मानतो. ज्याला नाव घ्यायचंय त्याने घ्यावं." दोनतीन नावं झाली. आणि बाक पुन्हा करकरला, या वेळी जोरात. कोणीतरी उठलं होतं. धाकट्याने डोळे मिटले. दार आपणच उघडं टाकलंय, असं त्याच्या मनात आलं.

पावलं वाजली नाहीत. उस्तादांचा आवाज आला. दुकानात आयुष्यभर ज्यांनी बायकोला "अगं ए" म्हणूनच हाक मारली, त्यांनी काकूंचं नाव घेतलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मग म्हणाले, "माझी बायको," आणि बसले.

टाळ्या नाहीत. कोणी वळूनही पाहिलं नाही. शेवटचा आशीर्वाद झाला, लोक चहाकडे गेले, तरी धाकटा जागचा हलला नाही. त्याला उठायचंही सुचत नव्हतं.

उस्तादांनी त्याच्या खांद्यावर दोन बोटं टेकवली. "पुढच्या रविवारी तू दारातच थांब. दार असं उघडं टाकून बसतात का? मला आता उठायचं-बसायचं कळतंय."

"थांबतो," धाकटा म्हणाला.