तीन चौकटी उजवीकडे

सून देवाघरी गेली तेव्हापासून आमच्या नातीनं गणिताचं पुस्तक उघडलं नव्हतं. सून भवानी पेठेतल्या आमच्या घरातच, पुढच्या खोलीत, अकरावी-बारावीच्या शिकवण्या घ्यायची. स्वतःच्या लेकीलाही तीच शिकवायची. आता नात म्हणाली, "गणित सोडते मी." तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, ऐकून तसाच कामावर निघून गेला.

पण या घरात सुनेचं म्हणून जे उरलं होतं, ते त्या गणितातच होतं. तेही मला जाऊ द्यायचं नव्हतं. एका दुपारी मीच पुस्तक घेऊन नातीसमोर बसले. ती मोबाइलमध्ये डोकं घालून होती.

y = (x − 3)² + 2. याचा सगळ्यात खालचा बिंदू कुठं?

मी कॉलेजात हे शिकलेली बाई. शिकलेली म्हणजे पाठ केलेली. दोन वेण्या, नाक वर, आणि पेपर देऊन बाहेर आल्यावर मैत्रिणींना ऐकवायचं, "सोपा होता की गं!" निकालाच्या दिवशी त्याच वेण्या घेऊन मागच्या दारानं घरात.

मग मी सुनेची पद्धत काढली. नवी नवरी होती तेव्हा तिची कडक भाकरी वाळताना वाटीसारखी वळायची. मी शेजारणींना बोलावून दाखवायची, इतकी गुणी सासू. ती भाकरी डोळ्यांसमोर आडवी धरून म्हणायची, "हसा, सासूबाई, हसा. हा पॅराबोला आहे." पुढं शिकवणीतही ती भाकरीच घेऊन बसायची. पोरं शिकायची आणि जाताना भाकरी खाऊन जायची.

टेबलावर चौकड्यांचं मेणकापड आहे. मधोमध मिठाची बरणी ठेवली, ते शून्य. "वजा तीन," म्हणत डब्यातली वळलेली कडक भाकरी बरणीच्या डावीकडे तीन चौकटी सरकवली.

"चुकलं," नात मान वर न करता म्हणाली.

"वजा हाय की!"

"आजी, उजवीकडे."

"का म्हणून? मी कॉलेजात..."

"नापास झालतीस."

"कुणी सांगितलं तुला?"

"आईनं."

ती गेल्यापासून हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नव्हता. माझी सगळी फजिती सुनेनं पोरीला सांगून ठेवली होती तर. बरं केलं.

नातीनं मोबाइल पालथा ठेवला. "x च्या जागी काय घातलं की कंस शून्य होतो?"

"तीन."

"वर्ग कधी शून्याच्या खाली जातो?"

"कसा जाईल?"

"मग तीनावर तो सगळ्यात खाली. डावीकडे सरक नाहीतर उजवीकडे, वरच चढणार." तिनं भाकरी बरणीच्या उजवीकडे नेली आणि अधिक दोनसाठी खाली दोन वाट्या पालथ्या घातल्या. "हा तुझा बिंदू. तीन, दोन."

हुबेहूब सुनेची ढब. एवढ्या वर्षांनी मला ते गणित कळलं. सून बारा महिने भिंतीपलीकडे हेच सांगत होती, आणि मी अलीकडे शेंगा फोडत तिच्या भाकऱ्यांना नावं ठेवत होते. आता कळलंय हे कुणाला सांगू?

पुढचं गणित नातीनं आपणहून घेतलं. y = −(x + 1)² + 4. भाकरी उलटी केली, वाटीची टेकडी झाली. "आता सगळ्यात वरचा बिंदू," ती स्वतःशीच पुटपुटली. जीभ दातांत धरून लिहीत राहिली. वजा एक, चार. खाली रेघ मारली आणि पुढच्या खोलीकडे तोंड करून ओरडली,

"आई, आलं!"

आणि तशीच थांबली.

मी तिची वही माझ्याकडे ओढली, उत्तर पाहिलं. बरोबर होतं.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

तिनं बाहीनं नाक पुसलं, वही परत घेतली. "पुढचं सांग," म्हणाली.

चष्म्यातून मला ते दिसेचना. तरी अंदाजानं वाचलं.