खात्री न देणाऱ्या काझीबाई

नसीम काझी बाईंना मी प्रथम पाहिले ते पाचोडच्या शाळेत. मी सातवीत होतो आणि बाई औरंगाबादहून नव्यानेच विज्ञान शिकवायला आल्या होत्या. त्यांची आमची नीट ओळख व्हायच्या आतच गावात बातमी पसरली की अमेरिकेची स्कायलॅब पडणार. आकाशात फिरती ठेवलेली ती घराएवढी प्रयोगशाळा खाली येत होती आणि नेमकी कोठे कोसळेल हे कोणालाच सांगता येत नव्हते. आता मरणारच म्हणून काहींनी आहेत तेवढ्या कोंबड्या कापून खाल्ल्या. आठवडी बाजार निम्माही भरला नाही. आमच्या वर्गात सात-आठ मुले उरली.

एके दिवशी तास चालू असतानाच माझे वडील दारात येऊन उभे राहिले. "बाई, पोराला घरी नेतो. मरायचं तर समदे एका जागी मरू."

बाईंनी त्यांना आत बोलावले.

"चंद्रावर माणूस उतरवला म्हनं त्यांनी. अन् आपलंच घर सांभाळता येईना व्हय?" वडील म्हणाले. "ते पाचोडवर पडनार नाय, अशी खात्री देता का तुम्ही?"

बाईंनी नुसते 'हो' म्हटले असते तरी वडील माघारी गेले असते. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो.

"नाही देता येत," बाई म्हणाल्या. "ज्यांनी ते वर सोडलं त्यांनाही माहीत नाही. पण भाऊ, किती भ्यायचं ते आपण बघू शकतो."

त्यांनी भिंतीवरचा जगाचा नकाशा काढून जमिनीवर अंथरला, एका मुलीला जवळच्या घरातून मूठभर ज्वारी आणायला सांगितली आणि वडिलांना म्हणाल्या, "डोळे मिटून एकेक दाणा टाका."

पहिला दाणा समुद्रात पडला. दुसरा, तिसराही समुद्रातच. चौथा आफ्रिकेत. आम्हाला जरा धीर आला, तोच एक दाणा थेट हिंदुस्थानावर येऊन थांबला. आम्ही सगळे नकाशावर वाकलो.

बाईंनी तो दाणा उचलला नाही. "असंही होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "पण यात पाचोड शोधून दाखवा." नकाशावर पाचोड नव्हतेच.

नकाशाजवळ उकिडवे बसलेल्या वडिलांनी मान वर करून विचारले, "बाई, तुम्हाला भ्या वाटतं का?"

"वाटतं."

"मग ऱ्हाऊ द्या पोराला इथंच," असे म्हणून ते एकटेच निघून गेले. पुढे एका सकाळी रेडिओने सांगितले की अवशेष समुद्रात आणि ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात पडले. वडिलांनी त्यानंतर मला कोणत्याही कारणाने शाळेतून काढले नाही. मी शिक्षक झालो त्याचे मूळ त्या तासात आहे.

पुढे हर्सूलजवळच्या शाळेत बाईंचा सहकारी होण्याचे भाग्य मला लाभले. माझी पत्नी आजारी असताना दीड महिना त्यांनी माझे तास घेतले आणि मुख्याध्यापकांना ते कळूही दिले नाही. मी आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, "आठवीची प्रकाशाची प्रकरणं कच्ची ठेवली होतीस. तेवढी मी पक्की केली."

याच शाळेत असताना अमेरिकेचे एक यान परतीच्या वाटेवर आकाशात फुटले. त्यातल्या सात जणांत भारतात जन्मलेली एक अंतराळवीर होती. आमच्या मुलींनी तिच्या स्वागतासाठी फलक रंगवून लावला होता. सोमवारी शाळा भरण्याआधी तो गुपचूप उतरवावा, असे आम्हा शिक्षकांचे ठरत होते. बाईंनी हरकत घेतली. "मुलींनी लावलाय, मुलीच काढतील. आणि काय झालं ते आपण त्यांना सांगू."

नववीतल्या अश्विनीने विचारले, "बाई, त्यांना कळलं असेल का हो, शेवटी?"

"माहीत नाही, बेटा," एवढेच बाई बोलू शकल्या. मग त्या खुर्ची सोडून मुलींच्या बाकावर जाऊन बसल्या आणि त्यांच्याबरोबर रडल्या.

हीच अश्विनी आज अमेरिकेत आहे. माणसांना पुन्हा चंद्राकडे नेण्याची जी तयारी तिकडे चालू आहे, त्यात यानासाठी झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती काम करते. दोन वर्षांपूर्वी मी बाईंकडे बसलो असताना तिचा फोन आला. एका झडपेच्या चाचणीचे आकडे तिला खटकत होते. वरिष्ठ म्हणत होते, चालेल. आधीच उशीर झालेला, कपातीची चर्चा सुरू, आणि नोकरी गेली तर व्हिसाही जाणार.

"बाई, मी चुकत असेन तर?"

बाईंचा चेहरा उतरला होता. आपल्या एका शब्दावर या मुलीचे अन्न अवलंबून आहे हे त्यांना दिसत होते. "तू खात्री देऊ शकतेस का, की ती टिकेल?"

"नाही."

"मग तसं लिहून दे. पुढचं मला माहीत नाही, बेटा."

पुढचे तीन आठवडे बाईंना जेवण गोड लागले नाही. "मी पोरीचं नुकसान तर केलं नाही ना रे?" असे त्या मला रोज विचारत. अखेर अश्विनीने कळवले की चाचणी पुन्हा झाली. झडप निर्दोष निघाली. नोकरी राहिली, पण कार्यालयात तिची थोडी थट्टा झाली. तिला ओशाळल्यासारखे वाटत होते. बाई मात्र फोनवर मोठ्याने हसल्या. "अगं, निर्दोष निघाली हीच तर आनंदाची बातमी! आता यानातली माणसं निर्धास्त बसतील."

बाईंच्या हृदयावर गेल्या वर्षी उपचार झाले. रुग्णालयाच्या व्हरांड्यात आम्ही त्यांचे विद्यार्थी बसून होतो आणि डॉक्टरांकडे खात्री मागत होतो. ती कोणी दिली नाही. बाई घरी आल्या, हळूहळू चालू-फिरू लागल्या, आणि आज त्यांची पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत.

त्यांना उदंड आणि निरामय आयुष्य लाभो. माणसे पुन्हा चंद्रावर उतरतील त्या दिवशी बाईंनी आम्हा सर्वांच्या मधोमध बसावे, मनसोक्त काळजी करावी, आणि गेलेली सगळी माणसे सुखरूप घरी परतल्याशिवाय आम्हाला टाळी वाजवू देऊ नये.