एकांड्याचा पहारा

संपतने आयुष्यात एकच गोष्ट नेटाने केली होती, आणि तीही चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. ऑनलाइन खेळात त्याने एक योद्धा वाढवला होता. नाव एकांडा. हा एकांडा एवढ्या वरच्या लेव्हलला पोचला होता की खालचे खेळाडू त्याला वाट करून देत.

घर कोथरूडच्या जुन्या गावठाणात. शेताच्या जागी सोसायट्या उभ्या राहिलेल्या, भाडं घरबसल्या येणारं. डिप्लोमा झाल्यावर संपतने हिंजवडीत वर्षभर नोकरी केली, साहेबाशी वाजलं म्हणून सोडली, आणि माडीवरच्या खोलीत कॉम्प्युटर लावून बसला तो बसलाच. जंगलात जायचं, रानडुकरं मारायची, लेव्हल वाढली की पुढच्या जंगलात जाऊन थोडी मोठी रानडुकरं मारायची. त्याचा बाप गेनबाही जन्मभर डुकरंच हाकलत आला होता, पण त्याचं निदान पीक तरी वाचायचं.

खरं तर हा खेळ टोळीने खेळायचा. संपत सुरुवातीला एका टोळीत गेलाही होता. पण ऐन लढाईत त्याचा हात चुकला, सगळे मेले, आणि कुठल्याशा शाळकरी पोराने हेडफोनमधून त्याची अशी काही हजेरी घेतली की तिशी उलटलेल्या या माणसाचे कान लाल झाले. तेव्हापासून तो एकट्याने खेळू लागला. कुणाची वाट बघायची नाही, कुणाला आपली बघायला लावायची नाही. याला तो स्वाभिमान म्हणायचा. आपण भित्रेपणा म्हणू.

त्याची आई सोजरबाई मात्र आळीभर सांगायची, "पोराचं परदेशातल्या कंपनीचं काम हाय. दार लावून बसतोय बिचारा दिसभर." पहिल्यांदा ती हे शेजारच्या तुळजाबाईला सांगत होती, तेव्हा संपत जिन्यातच उभा होता. त्याला खोकून खाली उतरता आलं असतं. तो हळूच वर गेला. मग ते तसंच चालत राहिलं.

त्या वर्षी गेनबा गेला. गावठाणातल्या विठ्ठलाच्या देवळात सप्ताह बसायच्या आधी चुलता दत्तोबा घरी आला. सप्ताहात वीणा रात्रंदिवस कुणाच्या तरी गळ्यात असते. ती खाली टेकवायची नाही, आणि गळ्यात असेतो माणसाने बसायचं नाही. पुढचा माणूस आला की त्याच्या गळ्यात द्यायची आणि त्याच्या पाया पडून मोकळं व्हायचं. एकेकाचा दोन तासांचा पहारा. दुपारी बाराचा दत्तोबाचा आणि दोनचा गेनबाचा, असं कित्येक वर्षं चाललेलं.

"गेनबाच्या जागी तू उभा ऱ्हा," दत्तोबा म्हणाला. "जमंल न्हवं? माझं गुडघं आता तेवढ्यापुरतंच चालत्यात."

"जमेल की नाना," संपत म्हणाला.

आणि जमलंही. पहिले काही दिवस तो वेळेवर गेला, बापाच्या जागी उभा राहिला. येणारी-जाणारी माणसं विणेकऱ्याच्या पाया पडायची. मोठीमोठी माणसं आपल्यापुढे वाकतात याने तो आधी अवघडला, मग त्याला बरं वाटू लागलं. बऱ्याच वर्षांत कुणी त्याच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं.

पाचव्या दिवशी जेवणाआधी 'थोडा वेळ' म्हणून तो खेळायला बसला आणि एकांडा एका गुहेत शिरला. आतला राक्षस अख्ख्या टोळीने मारायचा असतो, आणि तो एकट्याने मारायचा असा संपतचा जुना हट्ट. ऑनलाइन खेळ मध्येच थांबवता येत नाही. थांबलं की मेलं. दोन वाजत आले तेव्हा राक्षस अर्धा मेला होता.

सोजरबाईने दार वाजवलं. "संपत, आरं पहारा हाय न्हवं तुझा?"

"काम चालू आहे आई! महत्त्वाचं आहे!" तो ओरडला. देवळात काय माणसांचा तोटा आहे, घेईल कुणीतरी, असं त्याने मनाशी म्हटलं. बाहेर आईची पावलं जिन्याने उतरत गेली.

राक्षस पडला. संपत खुर्चीतून उठून ओरडणार होता, पण ओरडून सांगायचं कुणाला? मग त्याने घड्याळ पाहिलं. साडेतीन वाजून गेले होते.

तो अनवाणीच पळाला. देवळात पुरुषमाणूस म्हणून फक्त दत्तोबा होता. बाकीचे कामावर, टाळकरी संध्याकाळी येणारे, आणि बायकांच्या गळ्यात वीणा द्यायची त्या देवळात रीत नव्हती. दत्तोबा खांबाला खांदा लावून उभा होता, वीणा छातीशी उचलून धरलेली, पाय थरथरत होते. त्याचं धोतर पुढून भिजलेलं होतं. पायाशी सोजरबाई ओणवी होऊन फरशी पुसत होती आणि तुळजाबाई मुद्दाम भिंतीकडे तोंड करून वाती वळत होती.

"ये," दत्तोबा म्हणाला. एवढंच. त्याने वर पाहिलं नाही.

संपतने वीणा गळ्यात घेतली. मागे सरावं असं त्याला वाटेतो म्हातारा गुडघे धरून खाली वाकला, आणि ओल्या धोतरानिशी त्याने पुतण्याच्या पायांवर डोकं ठेवलं. रीतच ती. गळ्यात वीणा असताना संपतला नको म्हणता येईना, त्याला धरून उठवताही येईना. इतकी लाज त्याला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

"त्याला उठताच येत न्हाय कामातनं," सोजरबाई तुळजाबाईला सांगत होती. "परदेशातलं हाय." मग हात पदराला पुसून तीही विणेकऱ्याच्या पाया पडायला आली. "झालं का रं काम?" वाकता वाकता तिने विचारलं.

"काम नव्हतं आई," संपत म्हणाला. आवाज त्याच्याही नकळत मोठा झाला, सगळ्यांना ऐकू गेला. "खेळत होतो मी. काम कधीच नव्हतं."

सोजरबाई वाकलेली होती तशीच क्षणभर थांबली. नमस्कार विणेकऱ्याला होता, म्हणून तिने तो पुरा केला. मग उठली, आणि पोराच्या तोंडाकडे न बघता फरशीवरचं फडकं उचलून पिळायला बाहेर गेली.