चोरलेला कांदा

शितोळेभाऊ रोज सकाळी कुंड्यांसमोर स्टूल टाकून बसायचे आणि पाणी घालायचे नाहीत. नुसतं बघायचे. बड्या गणपतीजवळच्या आमच्या गल्लीत ते राहायला आले, त्या पहिल्याच दिवशी मी कठड्यावरून ओरडून सांगितलं, "भाऊ, पानांवर डाग पडलेत. कीड आहे. राख टाका."

ते हसले. "कीड नाही वहिनीजी. आफ्रिकेचा कांदा आहे हा. पान असंच येतं, चित्त्यासारखं. शौकाचं झाड आहे."

मी चौथी पास. तरी झाडांतलं सगळं आपल्याला कळतं, असं मी साठ वर्षं धरून चालले होते.

त्यांच्या बायकोने महूहून एक कांदा आणला होता. पुढे ती वारली. कांद्याला पिल्लं होत होत सात कुंड्या झाल्या. निम्मा कांदा मातीच्या वर उघडाच असतो. मागितला असता तर भाऊंनी ओंजळभर दिले असते. पण चोरून आणलेलं रोप चांगलं लागतं, हे माझ्या आईचं शास्त्र. पावसाळ्यात एकदा ते दूध आणायला गेले तेव्हा मी एक कांदा उपटला, पदराखाली लपवला आणि गच्चीवर टाकीमागे फुटक्या कपात लावला.

त्या थंडीत भाऊ दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दोन महिने मुलीकडे गेले. कुंड्या माझ्या ओट्यावर ठेवून बजावलं, "पानं झडतील. झडू द्या. कांदा झोपतो. एक थेंब पाणी नको, समझे ना? पाणी घालणं सोपं आहे वहिनीजी, न घालणं शिकावं लागतं."

"मला काय बावळट समजता?" मी म्हटलं.

पानं झडली. आठ दिवस धीर धरला. मग तुळशीला घालून तांब्यात उरलेलं पाणी रोज सातही कुंड्यांना. तुळशीचं पाणी कुणाला बाधत नाही, ही अक्कल माझी स्वतःची. महिन्याभराने कांदा दाबून पाहिला तर बोटाला लगदा लागला. सातही कुंड्यांत तेच.

भाऊ आले. नव्या डोळ्यांनी आधी कुंड्याच पाहिल्या. मग नेहमीसारखे त्यांच्यासमोर स्टूल टाकून बसले. ओरडले असते तर मी भांडले असते. भांडण मला जमतं.

मग मीच गुडघे धरत गच्ची चढले. जिना झेपत नाही म्हणून पावसाळ्यानंतर तिकडे फिरकलेच नव्हते. कपातला कांदा टणक होता. वर हिरवं टोक फुटलेलं.

कप त्यांच्यासमोर ठेवला. "तुमचाच आहे. मी चोरला होता."

त्यांनी कप फिरवून फिरवून पाहिला. "याला पाणी किती घातलंत?"

"विसरले होते."

"तरीच!" म्हणाले, आणि डोळे पुसावे लागेपर्यंत हसले. "अरे वहिनीजी, अजून चार चोरायचे होतेत!"

गेल्या वर्षी भाऊ गेले. तोवर पुन्हा तीन कुंड्या झाल्या होत्या. मुलगी त्या माझ्याकडे घेऊन आली. "बाबा बोलके गए थे, काकूंनाच द्यायच्या."

सध्या थंडी आहे. पानं झडलीत. मी रोज तुळशीला पाणी घालते आणि तांब्यात उरलेलं तिथेच उभ्या उभ्या पिऊन टाकते.