पांढऱ्या गर्दीतला लाल दुपट्टा

१६ ऑक्टोबर १९८६. हजर: मी, सासू, सासरे, नणंद. गैरहजर: नवरा, रजा मिळाली नाही. सामान: पिशव्या दोन, भाकरीचं गाठोडं एक, पाण्याची कॅन एक, मेणबत्त्यांचा पुडा एक.

ही नोंद माझ्या त्या वर्षीच्या वहीत आहे. पुढे दोन रकाने आखलेत, ‘गेले’ आणि ‘परत’.

छप्पन साली याच तारखेला, नागपूरनंतर दोन दिवसांनी, चांद्यात बौद्ध धम्माची दीक्षा झाली. सासरे तेव्हा भद्रावतीजवळच्या आमच्या गावातून बैलगाडीनं आले होते. गाडीत सासू आणि तिच्या मांडीवर माझा नवरा, वर्षभराचा. तेव्हापासून त्यांनी एकही सोळा ऑक्टोबर चुकवली नव्हती. त्या वर्षी मात्र त्यांना आठवणीचा त्रास सुरू झाला होता. जेवून उठले की जेवायला कधी देता म्हणून विचारायचे. नवऱ्यानं एसटी सुटताना खिडकीतून मला एवढंच सांगितलं, “बाबाले सोडू नको.”

सासऱ्यांच्या खांद्यावर बारमाही एक लाल दुपट्टा असायचा. शेतात, बाजारात, लग्नात, कुठंही. चांद्याच्या दीक्षाभूमीच्या फाटकाशी मी तो काढून घेतला.

“मामाजी, आज पांढरंच घालायचं असते.”

“राहू दे नं व.”

“सगळे काय म्हणतील?” मी त्याची चौपदरी घडी करून पिशवीत ठेवली.

वंदना झाली. मेणबत्त्या लावून झाल्या. परत येताना त्यांनी माझी बाही ओढली. “बैल कुठी बांधले व पोरी?”

“बैल नाई मामाजी. आपण एसटीनं आलो.”

“तहानले असतील ते.”

मला पाण्याची कॅन भरून घ्यायची होती, नळावर रांग होती. सासू आणि नणंद पुस्तकांच्या दुकानाशी थांबल्या होत्या. रांगेत माझा नंबर आला, मी कॅन भरली, झाकण लावलं आणि वळले, तर मागे सासरे नव्हते.

आधी मी घाबरले नाही. कुणी कुठं शोधायचं ते वाटून दिलं. सासू फाटकावर, नणंद दुकानांच्या ओळीत, मी मांडवात. अर्ध्या तासानं फाटकावर भेटलो तेव्हा तिघीच होतो. मग लाउडस्पीकरवाल्याकडे गेलो.

“वर्णन सांगा, ताई.”

“पांढरं धोतर, पांढरा सदरा. वय सत्तरच्या आसपास. पायात चपला.”

त्यानं माइकवर हात ठेवला आणि समोर बोट केलं. “तिकडं पाहा. आता मी कोणाले हाक मारू?”

मी पाहिलं. जिथवर नजर जात होती तिथवर पांढरी धोतरं आणि पांढरे सदरे. नाव पुकारलं, तीनदा पुकारलं. कुणी आलं नाही.

नणंद म्हणाली, “वहिनी, मेणबत्त्या किती ते तुमच्या वहीत लिवून हाये. बाबाच्या अंगावरची एखादी खूण लिवली का?”

सासू तिच्यावर ओरडली, “गप बस. तिले बोलून तो येते का?”

मी पिशवीतून दुपट्टा काढला. एका पोराच्या झेंड्याची रिकामी काठी मागून घेतली, तिला तो बांधला आणि उंच धरून गर्दीतून फिरले. त्यांनी ओळखावा म्हणून. लोक बाजूला होत होते. हात भरून आले तरी काठी खाली करायची भीती वाटत होती. नेमकं त्याच क्षणी ते पाहत असतील तर?

बैलांचं मला फार उशिरा आठवलं. सासूला विचारलं, “आत्याबाई, तेव्हा बैल कुठी सोडले होते?”

“नदीकडं.”

आम्ही धावत नदीकडे गेलो. वाटेवरच्या चहावाल्यानं सांगितलं, “आला होता एक बुढा. बैल पायले का म्हणे. म्या म्हटलं, बाबा, आज बजार नाई. मंग मूलच्या रोडनं गेला.”

“किती वेळ झाला?”

“लय वेळ झाला.”

मूल गावाच्या रस्त्यानं दिवस मावळेपर्यंत चाललो. पुढं जंगल लागलं. सासूचे पाय सुजले. चौकीत नोंद केली, तिथं उंची विचारली, तीही मला माहीत नव्हती.

शेवटच्या एसटीनं गावी उतरलो. नवरा स्टँडवर उभा होता. त्यानं आम्हाला मोजलं. मग माझ्या हातातला दुपट्टा पाहिला.

“हा कुठी भेटला?”

नणंद पटकन बोलली, “नदीपाशी. पडून होता.”

दिवसभर टोचून बोलणारी ती मला वाचवत होती. मी तिला वाचवू दिलं. सासूनं मान खाली घातली.

चहावाल्याचं आम्ही सांगितलं. नवऱ्यानं चुलत भावांना मूलच्या रस्त्याला पाठवलं. स्वतः मात्र चांद्याला नदी धरून बसला. दुपट्टा अंगावेगळा करणारे बाबा नव्हते, हे त्याला ठाऊक होतं. मासे धरणाऱ्या ढिवरांची दोन जाळी आणून त्यानं चार दिवस डोह धुंडाळले. मी रोज एसटीनं डबा घेऊन काठावर जात होते. गुडघाभर गाळात उभा राहून तो म्हणायचा, “अजून थोडं खाली पाहून घेतो.” आणि मी भाकरी सोडत होते. रोज ठरवून जायचे, रोज तशीच परत यायचे. त्या चार दिवसांत तो आणि त्याच्यासोबतची माणसं जंगलाच्या रस्त्याला असती तर? हा हिशेब मी कितीदा मांडला आहे. तो सुटत नाही.

सासरे सापडले नाहीत. जंगलातही नाही, पाण्यातही नाही.

सासू गेली, नणंद दूर जिवती गावी दिली. आता खरं सांगू शकणारी घरात मी एकटी. नवरा अजून दर सोळा ऑक्टोबरला वंदनेनंतर नदीवर जातो, काठावर थोडा वेळ उभा राहतो. मी मागे कॅन धरून उभी असते.

रोज सकाळी मी कामांची यादी करते. जे राहतं ते दुसऱ्या दिवशीच्या यादीत उतरवते. आज सहा कामं होती. दळण झालं, गॅसचा नंबर लावला, चादरी धुतल्या, पत्र टाकलं, औषध आणलं. सहावं काम उद्याच्या पानावर उतरवलं आहे: यांना दुपट्ट्याचं सांगणे.